सर्पबंध, मेस्तक आणि वर्षासनाचा रफार

गेल्या दिवाळीत देवासच्या घरी पुतण्याने लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, "काका, बघा. पणजोबांच्या कागदांची वेबसाइट. एका संध्याकाळीत उभी केली. ह्यात कोडिंग-बिडिंग काही लागत नाही, बस उचलायचं आणि पाहिजे तिथं सोडायचं."

पडद्यावर आमच्याच घरातल्या मोडी कागदांची छायाचित्रे होती. डावीकडे कागद, उजवीकडे त्याचे बालबोध वाचन, खाली हिंदी भाषांतर. हिंदी आवश्यकच होते, कारण सूनबाई उज्जैनच्या हिंदीभाषी घरातली आणि नात हिंदी माध्यमाच्या शाळेत. मांडणी नीटनेटकी होती, रंगही सौम्य. पण वरच्या मोठ्या अक्षरांतल्या मथळ्यापाशी माझी नजर अडखळली. 'वर्षासनाचे कागद' असे तिथे असायला हवे होते. दिसत होते 'वषासनाचे कागद'. रफार वरच्या अदृश्य कडेखाली कापला गेला होता, आणि वेलांट्यांचे माथेही अर्धेमुर्धे उडाले होते. पुतण्याने चूक केली नव्हती, त्याने रफार टंकला होता. ज्या चौकटीत तो मथळा ओतला गेला, ती चौकट रोमन अक्षरांच्या उंचीने बेतलेली होती एवढेच.

हा प्रसंग तसा किरकोळ. परंतु त्याने माझ्या मनात एक प्रश्न उभा केला, आणि त्याचा माग काढता काढता मी धारपर्यंत जाऊन पोहोचलो. देवासहून इंदूरमार्गे धार शंभर किलोमीटरच्या आतबाहेर आहे. काळाचा हिशेब केला तर मात्र हा प्रवास नऊशे वर्षांचा होतो. प्रश्न असा : लिहिणाऱ्याने पानाची विद्या न शिकता, दुसऱ्याने आखून ठेवलेल्या चौकटीत आपला मजकूर भरावा, ही सोय नेमकी किती जुनी?

धारच्या भोजशाळा–कमाल मौला परिसराचे नाव अलीकडे वर्तमानपत्रांत येते ते न्यायालयीन वादामुळे. त्या वादाशी या लेखाला कर्तव्य नाही. मला तिथले खांब पाहायचे होते. त्यांवर परमार काळातले दोन 'सर्पबंध' कोरलेले आहेत. सर्पबंध म्हणजे सापाच्या वेटोळ्यांनी तयार झालेली आकृती. सापाचे अंग आणि शेपटी एकमेकांत गुंतून घरे पडतात आणि त्या घरांत अक्षरे बसवलेली असतात. एका बंधात संस्कृत वर्णमाला आणि नामांना लागणारे विभक्तिप्रत्यय आहेत. दुसऱ्यात क्रियापदांचे प्रत्यय. गणित मांडून पाहा : तीन पुरुष, तीन वचने, परस्मैपद आणि आत्मनेपद अशी दोन पदे, म्हणजे एका लकाराचे १८ प्रत्यय, असे लकार १०. एवढा पसारा पोथीत पानेच्या पाने खाईल. इथे तो नजरेच्या एका टप्प्यात आणून ठेवला आहे. धातू आपला, प्रत्यय सापाच्या घरातून उचलायचा आणि जोडायचा. पुतण्याच्या तोंडचे 'उचलायचं आणि सोडायचं' हे शब्द त्या खांबांपाशी मला आठवल्याशिवाय राहिले नाहीत.

अशाच सर्पबंधाचे कोरीवकाम उज्जैनला महाकाल मंदिरात आणि निमाडातल्या ऊनच्या देवळातही सापडते. म्हणजे हा एखाद्या शिल्पकाराचा लहरी खेळ नव्हता; ठरलेला नमुना होता, आणि तो गावोगाव उतरवला जात होता. त्यासोबतच्या श्लोकांत उदयादित्य आणि त्याचा मुलगा नरवर्मा या परमार राजांची नावे येतात. उदयादित्य अकराव्या शतकाच्या उत्तरार्धातला, भोजाच्या मागून गादीवर आलेला. नरवर्म्याची कारकीर्द ११३३ पर्यंतची. या आकृतीला तिथे 'वर्णनागकृपाणिका' म्हटले आहे. वर्णांचा नाग आणि तीच कट्यार! कवींनी आणि राजांनी ती छातीवर मिरवावी असा श्लोकाचा आशय आहे. व्याकरणाच्या तक्त्याला एवढे शस्त्रतेज दुसरीकडे कुठे मिळाल्याचे माझ्या वाचनात नाही.

या तक्त्यांतले व्याकरण पाणिनीच्या नव्हे, कातंत्र परंपरेतले आहे असे अभ्यासक सांगतात. इथे आपल्या महाराष्ट्राचा धागा येऊन मिळतो. कातंत्राचा कर्ता शर्ववर्मा. त्याची कथा सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त आहे, आणि ती घडते प्रतिष्ठानात, म्हणजे पैठणला. सातवाहन राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करीत असताना एक राणी त्याला संस्कृतात म्हणते, पाण्याने मारू नका. 'मा' आणि 'उदकैः' यांचा संधी होऊन 'मोदकैः' झाले. राजाला संधी कळला नाही. त्याने मोदक मागवले. राणी हसली, राजा शरमेने अंथरुणाला खिळला. व्याकरण शिकायला बारा वर्षे लागतात असे म्हणत. गुणाढ्य म्हणाला, मी सहा वर्षांत शिकवतो. शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत. गुणाढ्याने पैज घेतली की हे घडले तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी अशा तिन्ही भाषा सोडीन. शर्ववर्म्याने कार्तिकेयाच्या कृपेने आटोपशीर कातंत्र मिळवले आणि राजा सहा महिन्यांत शिकला.

बहुतेक जण ही गोष्ट इथे संपवतात. मला तिचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. हरलेला गुणाढ्य बोलीविना रानात गेला, पैशाची भाषा शिकला आणि तिच्यात, शाईच्या अभावी स्वतःच्या रक्ताने, सात लक्ष श्लोकांची बृहत्कथा लिहिली. राजाने पैशाची भाषेतला ग्रंथ म्हणून ती नाकारली. तेव्हा गुणाढ्य एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवून अग्नीत टाकत गेला. राजा पश्चात्तापाने धावत आला तोवर एक लक्ष श्लोक उरले होते. तेही मूळ रूपात आज कुठे मिळत नाहीत. आपल्याला ठाऊक आहेत ती त्यांची संस्कृत रूपांतरे. सहा महिन्यांच्या त्या सोयीचा मी मुळीच विरोधक नाही. मलाही कोड येत नाही. पण एकाच कथेत सोपा मार्गही आहे आणि चौकटीबाहेर राहिलेल्या भाषेची राखही आहे, हे विसरून ती सांगू नये.

धारची ही अक्षरे जगापुढे आणणाऱ्यांत एक मराठी नाव अग्रभागी आहे, काशिनाथ कृष्ण लेले. ते धार संस्थानचे शिक्षणाधिकारी होते. १९०३ साली त्याच परिसरात भिंतीत बसवलेली एक काळी शिळा हाती लागली. तिच्या मजकुराची बाजू आत वळलेली होती. तिच्यावर ८२ ओळींत 'पारिजातमंजरी' हे नाटक कोरलेले निघाले. कर्ता राजगुरू मदन, काळ अर्जुनवर्मा परमाराचा, म्हणजे तेराव्या शतकाचा आरंभ. जर्मन पंडित हुल्ट्श यांनी ते 'एपिग्राफिया इंडिका'च्या आठव्या खंडात छापले. नाटक चार अंकी, पण शिळेवर दोनच अंक आहेत. उरलेले दोन दुसऱ्या शिळेवर असणार आणि ती शिळा आजवर मिळालेली नाही. दगडासारख्या चिवट पानाचीही ही गत. हे मी लक्षात ठेवायला सांगतो, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता पवारांच्या काळात येऊ. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठी फौजा माळव्यात स्थिरावल्या आणि धार व देवास इथे पवारांच्या गाद्या झाल्या. देवासला तुकोजी आणि जिवाजी या दोघा भावांच्या दोन पात्या, थोरली आणि धाकटी. एकाच गावात दोन राजे, दोन वाडे, दोन दरबार. ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार १९२१ मध्ये थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव यांचा खाजगी चिटणीस म्हणून इथे राहिला, आणि १९५३ मध्ये त्याने 'द हिल ऑफ देवी' या पुस्तकात या दुहेरी संसाराची गमतीदार वर्णने केली. कोल्हापूरकडच्या वाचकांसाठी एक जाता जाता : १९४७ साली करवीरच्या गादीवर दत्तक गेलेले शहाजी महाराज हे थोरल्या पातीचेच विक्रमसिंहराव. १९४८ मध्ये दोन्ही पात्या मध्यभारतात विलीन झाल्या. एका पानाचे दोन स्तंभ असावेत तसे ते गाव दोनशे वर्षे जगले.

या संस्थानांचा कारभार मोडीत चाले, आणि आमचे पणजोबा थोरल्या पातीत कारकून होते. त्यांच्या कागदांकडे मी आजवर मजकूर म्हणूनच पाहत आलो. पुतण्याच्या पानाने मला प्रथमच त्यांच्याकडे मांडणी म्हणून पाहायला लावले. कागदाला उभी घडी घालून डावीकडे ऐसपैस समास सोडलेला. आधी आडवी शिरोरेषा एका दमात ओढायची आणि मग तिला अक्षरे लटकवायची, टाक शक्यतो न उचलता. शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा बाऊ नाही. वरिष्ठास लिहिताना मायना एक, बरोबरीच्यास दुसरा, कनिष्ठास तिसरा. राजपत्र असेल तर शेवटी लेखनसीमेची छोटी मुद्रा, म्हणजे तिच्याखाली कोणी नंतर ओळ घुसडू नये. बंद एकमेकांना चिकटवून लांब कागद केला असेल तर मागच्या बाजूस सांध्यावर शिक्का.

हे सारे प्रत्येक कारकुनाने स्वतःच्या प्रतिभेने शोधायचे नव्हते. त्यासाठी मेस्तके होती. मेस्तक म्हणजे पत्रे कशी लिहावीत, कोणाला कोणता मायना, हिशेब कसा मांडावा याचे नमुने देणारा लेखनसंग्रह. परंपरा त्याचा आरंभ यादवांच्या हेमाडपंताच्या नावावर घालते. नवा उमेदवार कारकून मेस्तक समोर ठेवी, नाव-गाव-रक्कम बदली आणि पत्र तयार करी. आजची मुले ज्याला टेम्प्लेट म्हणतात ते आमच्या घरात सोवळ्यात जपलेले होते म्हणायचे! फरक एक आहे. मेस्तक करणाऱ्याला आपली लिपी, आपली माणसे आणि आपला मानपान ठाऊक होता. चौकट आणि मजकूर एकाच घरातले होते.

छपाई आली तेव्हा हे घर प्रथम दुभंगले. खिळ्यांची पद्धत मूळ रोमन लिपीसाठी घडलेली. अक्षर एका ओळीत एकापुढे एक उभे करायचे ही तिची धारणा. देवनागरीचा संसार तीन मजली आहे : वर रफार, मात्रा, वेलांटी, मधे अक्षर, खाली उकार, ऋकार. तो एका खिळ्यात बसवायचा तर शेकडो खिळे ओतावे लागतात, आणि तुकड्यांत जुळवायचा तर जुळाऱ्याचा जीव मेटाकुटीस येतो. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात थॉमस ग्रॅहम यांनी आणि पुढे निर्णयसागरच्या जावजी दादाजींनी यातून जी वाट काढली, तिच्यावर आपली पंचांगे, पोथ्या आणि मासिके शंभरावर वर्षे छापली गेली. १९०९ साली का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला, तोही खिळ्यांच्याच राज्यात. जुळारी लेखक नसे, पण त्याच्या बोटांना रफार ठाऊक असे. तो कापला गेला तर मुद्रितशोधकाच्या आधी त्यालाच खटके.

देवासला १९७०च्या दशकात बँक नोट प्रेस आली आणि आमच्या गावाचे नाव छपाईशी कायमचे जोडले गेले. आपल्या खिशातल्या कागदी नोटेवरही मांडणीचा एक धडा असतो. मागच्या बाजूच्या भाषापट्टीत १५ भाषा एकाखाली एक आहेत. क्रम लोकसंख्येचा नाही, मानाचाही नाही. इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांचा आहे. कन्नड चौथी, कोंकणी सहावी, मराठी आठवी. वर सात आणि खाली सात. हिंदी या पट्टीत नाही, ती ठळक अक्षरांत बाहेर आहे. कोंकणी आणि नेपाळी १९९२च्या घटनादुरुस्तीनंतर त्यात आल्या. नवी भाषा आली की सगळ्या ओळी किंचित सरकतात, एवढेच. सीमाभागातल्या वाचकांना भाषांच्या क्रमावरून झालेली भांडणे मी काय सांगावीत? पण इतक्या भांडखोर विषयावर इतकी निमूटपणे चालणारी चौकट दुसरी नसेल. ती आखणाऱ्याने आधी मोजले होते की कोणत्या लिपीला किती उंची लागते.

त्यानंतरचा टप्पा आपण सर्वांनी पाहिला आहे. १९८५ मध्ये 'पेजमेकर' निघाले, आणि नव्वदीत डीटीपी गावोगावच्या छापखान्यांत पोहोचले. पुण्याच्या सी-डॅकचे आयएसएम आणि मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी यांवर मराठी अंकच्या अंक जुळू लागले. सोय अफाट झाली. पण तेव्हाचे बहुतेक फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवून केलेले होते, आणि प्रत्येक कंपनीची बसवणूक वेगळी. फाँट बदलला की 'दिवाळी'ची इंग्रजी अक्षरांची भेळ होई. त्या काळी संगणकावर जुळवलेले कितीतरी अंक आज कागदावर वाचता येतात आणि फायलीत वाचता येत नाहीत. युनिकोडने ही अडचण मुळापासून दूर केली. १९९१ मधल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला जागा होती. पुढे र. कृ. जोशी यांनी आखलेला 'मंगल' फाँट विंडोजबरोबर घरोघरी पोहोचला.

आणि मग वेबसाइटची पाने. वर्डप्रेस २००३ साली निघाले. पुढच्याच वर्षी त्याला प्लगइन, म्हणजे बाहेरून जोडायचे पूरक तुकडे, लावता येऊ लागले. २००५ पासून तयार थीम. २०१६ मध्ये आलेल्या एलेमेंटरसारख्या प्लगइनांनी पानाची मांडणी माउसने ओढून करण्याची सोय दिली, आणि डिसेंबर २०१८ मध्ये वर्डप्रेसनेच ठोकळे रचण्याची पद्धत अंगीकारली. तिचे नाव त्यांनी गुटेनबर्ग ठेवले. खिळ्यांच्या जनकाचे नाव, तेही जिथे खिळा जुळवायचाच नाही तिथे!

आमच्या रफाराचे पुढे काय झाले ते सांगतो. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे पुन्हा बसलो. मांडणीच्या त्या प्लगइनमध्ये मथळ्यासाठी 'ओळीची उंची' असा एक आकडा होता. अक्षराच्या आकाराच्या जेमतेम सव्वापट. तो दीडपटीच्या वर नेला आणि रफार डोके वर काढून उभा राहिला. 'अक्षरांतील अंतर' शून्यावर आणले, कारण रोमन मथळ्याला शोभा देणारे ते अंतर आपली शिरोरेषा तोडते, आणि शब्द दातपडक्या माणसासारखा दिसतो. पहिले अक्षर मोठे करण्याची सोय बंद केली. 'श्री'चे ती भलतेच काही करीत होती.

तिसरी गोष्ट मला ठाऊक नव्हती, पुतण्याने शोधली. मराठीतले ल आणि श हिंदीतल्याहून वेगळ्या वळणाचे. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात मराठी वळणच प्रमाण ठरवले आहे. काही फाँटांत दोन्ही वळणे लपलेली असतात. पान 'मराठी' म्हणून नोंदले असेल तरच ब्राउझर मराठी वळण काढतो. आमचे पान नोंदले होते इंग्रजी म्हणून, कारण ते कोणी विचारलेच नव्हते. सेटिंगमध्ये जाऊन भाषा 'मराठी' केली आणि उजव्या बाजूचे सगळे ल एकदम बदलले. खालच्या हिंदी भाषांतराच्या ठोकळ्यावर 'हिंदी' अशी वेगळी खूण घातली, तेव्हा तिथले ल पूर्ववत झाले. एकाच पानावर दोन ल, आपापल्या घरी. नात शाळेत जो ल काढते तो खाली, तिचे खापरपणजोबा जो काढीत तसा वर. ती बराच वेळ दोन्हींवर बोट फिरवत होती.

एक काम मात्र मी हट्टाने करून घेतले. काही प्लगइन असे असतात की ते काढून टाकले तर मजकुरात कंसांतल्या सांकेतिक शब्दांचा कचरा उरतो, आणि कधी मजकूरच शोधावा लागतो. पुतण्याला मी पारिजातमंजरीचे उरलेले दोन अंक आठवून दिले. त्याने कपाळाला आठ्या घातल्या, पण सर्व वाचने युनिकोडमधल्या साध्या फायलीत वेगळी उतरवली, आणि एक छापील प्रत काढून मूळ कागदांच्या रुमालात बांधली. मूळ कागद अर्थातच तसेच आहेत. समास सोडलेले, सांध्यावर शिक्का असलेले.

मथळा आता पुरता दिसतो. नातीने तो मोठ्याने वाचला, र नीट उच्चारून, आणि विचारले, "आजोबा, वर्षासन म्हणजे योगासनातलं का?" वर्षाला ठरलेली नेमणूक मिळे, ती कोणाला आणि का मिळे, हे तिला सांगायला मी रुमाल सोडला तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते.